बंबाच्या बॉनेटवरचा पोचा

लाल रंगावर रक्त चटकन दिसत नाही. उन्हात ते आधी नुसतं ओलं चमकतं, मग वाळत जाईल तसं काळपट होतं, आणि तेव्हा कुठे कळतं की हे पाणी नव्हतं… नारायणगुड्याच्या एका गल्लीतल्या आमच्या अग्निशमन दलाच्या क्वार्टर्समध्ये, नऊ वर्षांची असताना, मी ते पाहिलं. आगीवरून परतलेला जुना बंब फाटकातून आत शिरला. त्याचा पुढचा दिवा फुटला होता, बॉनेटवर ओंजळ मावेल एवढा खोल पोचा पडला होता, आणि वर उघड्या आसनावर करीमचाचा एका हाताने चाक धरून, दुसऱ्या हाताने डावा डोळा दाबून बसले होते.

लाकडाची वखार जळत होती. नवे बंब दुसरीकडे गेलेले, म्हणून हा म्हातारा पाठवला आणि तो उशिरा पोचला. डोळ्यांदेखत सगळं राख होत असलेल्या माणसांनी मग हाताला लागेल तो दगड उचलला. बंबाला टप नव्हता, काच नव्हती. करीमचाचांचा डोळा गेला तो गेलाच.

चाचा चालक आणि माझे बाबा मेकॅनिक. एक जुन्या शहरातला, दुसरा उदगीरकडच्या शेतकरी घरातून आलेला. पण वीस वर्षं एकाच डब्यात जेवलेले. त्यानंतर बंब रस्त्यावर गेला नाही. चाचांना फाटकावर पहारेकरी नेमलं आणि बंब ‘मूळ स्थितीत जतन करावा’ असा कागद वरून आला. ते काम बाबांकडे दिलं गेलं, आणि आमच्या घराला ग्रीसचा, ओल्या कॅनव्हासचा, रॉकेलचा वास कायमचा चिकटला. पितळी घंटा ते चिंचेने घासत, शिडीच्या लाकडाला जवसाचं तेल पाजत, जुना रंग मऊ मलमलीने असा पुसत की जणू तापातल्या लेकराचं अंग पुसताहेत. फक्त त्या पोच्याशी आले की त्यांचा हात थांबायचा. तो त्यांनी तसाच ठेवला होता. कुणी पोरांनी त्यावर बोट फिरवलं तरी त्यांच्या कपाळाची शीर ताठ व्हायची.

दोन वर्षांनी प्रदर्शन ठरलं आणि साहेबांनी व्यंकटेश नावाच्या पेंटरला पाठवलं. हसतमुख, सडपातळ माणूस होता. पोचा ठोकून सरळ करायला त्याने हातोडा काढला.

“हात लावू नकोस त्याला,” बाबा म्हणाले.

“साब का आर्डर है, उस्ताद. एकदम नवा कर देतूं,” तो म्हणाला, आणि पहिला घाव घातला.

दुसरा घाव पडलाच नाही. बाबांनी पाइपाचा लांब पाना उचलून त्याच्या मनगटावर हाणला. हाड मोडल्याचा आवाज हातोड्याच्या आवाजापेक्षा फार लहान होता, पण माझ्या कानात आजही तोच राहिला आहे. व्यंकटेश खाली बसला तरी बाबा थांबले नाहीत. त्याच्या खांद्यावर, पाठीवर पाना पडत राहिला. त्यांचा चेहरा मला ओळखू येत नव्हता. करीमचाचा फाटकाकडून धावत आले आणि त्यांनी बाबांना मागून मिठी घातली.

“छोडो भाई. किसके वास्ते मार रैं?”

“तुमारे वास्ते.”

“मैं कब बोला?” चाचांचा आवाज शांत होता. “सुबे से शाम तक गेट पे बैठतूं, सामने येच गड्ढा दिखता. असली हालत बोले तो पत्थर से पैले की हालत. निकाल दो इसको.”

बाबांच्या हातातून पाना गळून पडला. मग त्यांनीच व्यंकटेशला रिक्षात घालून दवाखान्यात नेलं. त्याचं मनगट वाकडंच बसलं. पुढे तो ब्रश डाव्या हाताने धरू लागला. बाबा तीन महिने निलंबित होते. कामावर परतल्यावर त्यांनी तो पोचा स्वतः काढला — आतून लाकडी हातोड्याचे हलके ठोके, बाहेरून वाळूची पिशवी घट्ट दाबून धरलेले करीमचाचा. जुना रंग उडू नये म्हणून आठ दिवस लागले. दोघं त्या आठ दिवसांत एकमेकांशी क्वचितच बोलले.

बंब आज काचेच्या शेडमध्ये उभा आहे. शाळांच्या सहली येतात, इंजिन अजूनही चालू होतं. चाचा गेले, त्यालाही बरीच वर्षं झाली. मी मात्र मोठी होईपर्यंत बाबांनी फळीवरचा डबा काढायला हात उंचावला, तरी डोळे मिटून घेत असे. त्यांना ते दिसत होतं की नाही, मी कधी विचारलं नाही.

गेल्या वर्षी तारनाक्याच्या माझ्या घरी ते अंथरुणाला खिळले होते. मी मऊ भात भरवत होते. मध्येच त्यांनी विचारलं, “बेबी, मी त्या पेंटरला मारलं, तेव्हा तू कुठं होतीस गं?”

“शाळेत,” मी म्हणाले.

त्या दिवशी रविवार होता. बाबांनी माझ्याकडे पाहिलं.

“बरं झालं,” ते म्हणाले, आणि पुढच्या घासासाठी त्यांनी तोंड उघडलं.