पाळी नव्हे, गोळी

श्रावण लागला की आमच्या बाजारातल्या मेडिकलवाल्याकडे बायकांची वर्दळ वाढते. हळूच "गणपतीच्या गोळ्या" एवढंच म्हणायचं, की तो मान खाली घालून पाकीट पुढे सरकवतो. पाळी पुढे ढकलायच्या या गोळ्या. पाळी आलेल्या बाईने गणपतीच्या चुलीला शिवायचं नाही, आणि घरात मोदक वळणारी तीच एकटी. मग करायचं काय? देवाला विचारण्यापेक्षा मेडिकलवाल्याला विचारणं सोपं.

माझी शेजारीण मथुरा पाष्टे ही या गोळ्यांची जुनी गिऱ्हाईक. मला वयनी म्हणते. तिची पाळी आणि गणपती एकाच एसटीने येतात, असं आम्ही तिला चिडवायचो. एक्कावन्नाव्या वर्षी पाळी कायमची थांबली. त्यावर वर्ष उलटलं तेव्हा तिने मला बोलावून घावने खायला घातले.

"सुटलं गो वयनी एकदाचं," म्हणाली. "आता मोदकांसाठी बोटांवर दिवस मोजायला नकोत."

आनंद फार टिकला नाही. पौषात आम्ही गोधड्या ओढून बसलेलो, आणि ही अंगणात पदराने वारा घेत उभी. छातीतून वाफ उठायची, तोंड लाल व्हायचं, घामाने पोलकं चिंब, आणि मग हुडहुडी. झोप तर पार उडाली. काजूच्या कारखान्यात ती गर सोलायला जाते. गराला ओल लागली की माल गेला, आणि हिचे तळवे सारखे घामेजलेले. मुकादमाने तिला गरावरून उठवून टरफलं भरायला लावलं. हाताखाली शिकलेल्या पोरींसमोर उठवलं, ते तिला फार लागलं.

घरात सासूबाई, गोदाआजी. ऐंशी पार, पण शिवाशिवीचा कायदा अजून तिच्याच हातात. तिने निदान केलं, "उष्णता झाली." झालं. सकाळी सब्जा, दुपारी कोकम, संध्याकाळी धन्याचं पाणी. बांगडा बंद, आंबा बंद. रत्नागिरी जिल्ह्यात राहून चैत्रात आंबा बंद म्हणजे जन्मठेपच. मथुरा निमूट सगळं प्यायची आणि पुन्हा भिजायची.

शेवटी मी तिला ओढतच शहरातल्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. ही उष्णता नव्हे, म्हणाल्या त्या. पाळी थांबली की शरीरातली काही हार्मोनं कमी होतात, त्याचा हा ताप. हार्मोनचं औषध देता येईल, पण आधी तपासण्या.

हार्मोनची गोळी म्हटल्यावर मथुरेचा चेहरा उजळला. मला न सांगता तिने बाजारात उतरून गणपतीच्या गोळ्या घेतल्या. 'तीपण हार्मोनचीच', असं मेडिकलवाल्याने कधीतरी तिला सांगितलं होतं. ओळखीची गोळी, वर तपासणीचं लचांड नाही. तपासण्या मी मागे लागून करवल्याच; रिपोर्ट दाखवायला गेलो तेव्हा हिचं पोट फुगलेलं, पाय जड, आणि वाफा होत्या तिथेच. डॉक्टरीणबाईंनी कपाळाला हात लावला.

"अहो, ती पाळी थांबवायची गोळी. येणाऱ्या गाडीला हात दाखवतात, गेलेल्या गाडीला नव्हे."

मग त्यांनी नीट समजावलं. एक वाट म्हणजे काही न घेता काढायचं. पुष्कळ बायका काढतात, पण ते वर्षानुवर्षंही चालतं. दुसरी, हार्मोन नसलेल्या गोळ्या. थोडा उतार पडतो. तिसरी हार्मोनची: हाताला लावायचं जेल, आणि गर्भाशय आहे म्हणून त्याच्या अस्तराला जपायला झोपताना सोबत एक गोळी. गुण चांगला येतो. मात्र वर्षानुवर्षं घेतलं तर स्तनाच्या कॅन्सरचा धोका थोडा वाढतो, म्हणून तपासण्या चुकवायच्या नाहीत. घरात कुणाला तो झालाय का, पायात गुठळी झालीय का, सगळं विचारलं. तसं काही नव्हतं. "आणि सुरुवातीचे काही महिने मधेच डाग दिसू शकतो," त्या म्हणाल्या.

कॅन्सर ऐकताना मथुरा शांत होती. डाग म्हटल्यावर ताडकन सरळ बसली.

"गणपतीत दिसला तर?"

सांगता येत नाही, म्हणाल्या डॉक्टरीणबाई. मथुरेने पिशवी उचलली. "मग नको. गणपती झाल्यावर बघू."

मला असा राग आला. जीव जातोय बाईचा, आणि हिला मोदकांची पडली आहे. एसटीत मी तिच्याशी बोललेच नाही. लांज्याच्या पुढे तीच बोलायला लागली. विनीत, तिचा मुलगा, झाल्यानंतरच्या पहिल्या गणपतीत तिची गोळी चुकली होती. नवरा भागोजी मुंबईहून आलेला, घर भरलेलं, आणि ती मागच्या पडवीत गोणपाटावर. पोराला पाजायला तेवढं आणून द्यायचे. आत आरती चाललेली, आणि ताट कुणीतरी लांबून सरकवलेलं. "कुत्र्याला सरकवतात तसं," ती म्हणाली. "ता परत नको वयनी. त्यापेक्षा जळंन." माझा राग कुठल्या कुठे गेला.

पण जळत राहणं आपल्या एकटीपुरतं कुठे राहतं? आषाढात एका दुपारी आमटीत मीठ जास्त पडलं म्हणून ती सुनेवर, सानिकावर, इतकी ओरडली की ती पोर कडेवरचं मूल घेऊन माहेरी निघून गेली. सकाळी मथुरा माझ्या दारात. डोळे सुजलेले. "ती मी नव्हतं गो," एवढंच म्हणाली. त्याच दिवशी आम्ही शहर गाठलं आणि औषध सुरू झालं. सानिकाला आणायला ती स्वतः गेली. महिन्याभरात झोप आली, वाफा विरळ झाल्या, आणि मुकादमाने तिला पुन्हा गरावर बसवलं. गोदाआजी जेलला मलम म्हणायची आणि कोकमाचाच गुण सांगायची.

चतुर्थीच्या सकाळी मी खोबरं खवायला मदत करायला गेले, तर मथुरा मागच्या दारात उभी. उंबऱ्याच्या बाहेर. तिचा चेहरा बघूनच मला कळलं. मी आधी डॉक्टरीणबाईंना फोन लावला. घाबरू नका, म्हणाल्या, औषध बंद करू नका, सणानंतर येऊन दाखवून जा. पण मथुरेला भीती त्याची नव्हतीच. ती पडवीतलं गोणपाट अंथरायला लागली होती. आत उकडीचं पाणी उकळत होतं आणि सानिका गोंधळून बघत होती.

"काय झालंय?" गोदाआजीने विचारलं. "पाळी आली काय परत?"

"पाळी नाय, आये. औषधान डाग दिसलाय."

म्हातारीने चुलीवरच्या पाण्याकडे पाहिलं. मी तर भांडायच्या तयारीने कंबर कसली होती.

"आजवर गोळी खाऊन थांबवलीस," गोदाआजी म्हणाली, "ती द्येवाला चालली ना? मग गोळीन आलेली कशी चालायची नाय? पाळी न्हवं ती, गोळी हाय. आंघूळ कर नि उकड काढ. पाणी आटतंय."

मथुरा तिथेच रडली. मग गोणपाट गुंडाळून ठेवलं, अंघोळ केली आणि चुलीपुढे बसली. मोदकाच्या कळ्या सुबक पडत होत्या.

सानिका नारळ फोडत होती. तीही आठ दिवस गणपतीच्या गोळ्या खात होती, हे आम्हाला सगळ्यांना ठाऊक होतं. वर न बघता तिने विचारलं, "आजी, आणि गोळी न खाता आली तर?"

मथुरेचा हात थांबला. मीही थांबले. गोदाआजीने खोबऱ्याची वाटी सानिकाच्या पुढ्यात सरकवली.

"येईल तवा बघू. खव आधी."

मी इतकी वर्षं त्या घरात जातेय. शिवाशिवीच्या गोष्टीत गोदाआजीच्या तोंडून 'नाही' आणि 'नको'च ऐकलं होतं. 'बघू' त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं.