तुरीचा ओटा

बारदानाचा वास आवडावा असा मुळीच नसतो. तागाचा, थोडा उंदरांचा आणि बराचसा धुळीचा. परवा भावाची तूर घेऊन त्याच्यासोबत लातूरच्या मोंढ्यात गेले, तो वास नाकात शिरला आणि माझे तळहात शिवशिवू लागले. भाऊ सौद्याच्या गडबडीत. मी साठी गाठलेली बाई, मागच्या शेडमधल्या एका लोखंडी खांबाला पाठ टेकवून पावलं मोजत निघाले. पाचव्या पावलाला कुणाची तरी रास आडवी आली. एक हमाल पाठीवरचं पोतं सावरत म्हणाला, "मावशी, काय हुडकायलाव?" काय सांगणार त्याला? काही नाही म्हटलं, परत खांबाशी आले आणि पुन्हा निघाले. एका जागी थांबणं मला जमतच नाही. हे दुखणं मला आमच्या सरांकडून लागलं.

लातूर नवा जिल्हा झाला ते दिवस. कचेऱ्या भाड्याच्या घरांत थाटल्या होत्या. पाट्यांचा रंग ओला होता आणि नळ मात्र कोरडे, कारण सलग दोन पावसाळे हात हलवत निघून गेले होते. जिल्हा झाला म्हणजे त्याचा स्वतःचा संघ हवा, आणि मुलींचाही हवा, असा एक कागद आला. तो कागद घेऊन सर आमच्या शाळेत शिरले ते दाराच्या चौकटीखाली मान वाकवूनच. औशाजवळच्या वाडीतल्या बौद्ध घरातला हा माणूस. घरी ढेकळाएवढीही जमीन नव्हती. हैदराबादला एका सरकारी खात्याच्या संघातून पंधरा वर्षं बास्केटबॉल खेळला, त्यावरच नोकरी, त्यावरच पगार. आमच्याकडे हे कुणाला खरंच वाटत नसे. "चेंडू फेकायचा पगार देतंय व्हय सरकार?" असं माझी आत्या जाता-येता विचारायची. मग गुडघा गेला, संघातली जागा गेली, आणि नव्या जिल्ह्याचा प्रशिक्षक म्हणून सर गावाकडे परतले. त्यांच्या कचेरीत एकच खुर्ची होती, पण तिच्यावर त्यांना बसलेलं मी कधी पाहिलं नाही. दुखऱ्या पायानं ते सतत येरझारा घालत. बोलताना, जेवताना, आम्ही खेळत असतानाही. आम्ही मुली मागे त्यांची नक्कल करून पोट धरून हसायचो.

शाळेचं मैदान मातीचं. धूळ बसवायला पाणी कुठलं? म्हणून प्रत्येकीनं घरून भांडी विसळलेलं पाणी डब्यातून आणायचं, असा सरांचा दंडक होता. ते शिंपडलं की अर्धा तास खेळता येई. भेगाळलेल्या मातीवर चेंडू जीव तोडून आपटावा तेव्हा कुठे तो गुडघ्यापर्यंत उसळायचा, आणि भेगेत पडला की भलतीकडेच पळायचा. आम्हाला वाटे, बास्केटबॉल असाच असतो. स्पर्धा नांदेडला होती, सिमेंटच्या मैदानावर. त्याची सवय हवी म्हणून सरांनी एक दिवस आम्हाला मोंढ्यातल्या ओट्यावर नेलं. मी नेहमीच्या ताकदीनं चेंडू आपटला तर तो डोक्यावरून जाऊन थेट पत्र्याला धडकला आणि कबुतरांचा थवा उडाला. सर कपाळावर हात मारून म्हणाले, "अगं, जमिनीशी भांडण हाय का तुझं?"

तो ओटा तुरीचा. एरवी तिथे पाय ठेवायला जागा नसायची. दुष्काळामुळे तो ओस पडला होता, म्हणून आम्हाला मिळाला. हमालांच्या मुकादमानं आधीच सांगून ठेवलं होतं, "सर, मोकळं हाय तवर खेळा. पन तुरीचं पयलं पोतं टेकलं की पोरी उठवायच्या. मंग मला बोल लावायचा न्हाई." सर म्हणाले, "हाव. माल आला की उठलो. शब्द हाय माझा." लोहाराकडून घडवलेली कडी खांबाला तारेनं बांधली, जाळीच्या जागी बारदानाची पट्टी शिवली, खांबापासून पावलं मोजून गेरूनं रेघा मारल्या. लाकडाच्या गुळगुळीत मैदानांवर खेळलेला तो खेळाडू त्या कडीकडे किती कौतुकानं बघायचा म्हणून सांगू!

आता मनात दडवलेलं सांगते. नांदेडला धड खेळलो नाही तर पुढच्या वर्षी मुलींचा संघ निघणार नाही, असं सरांना बजावलं होतं. आणि संघ नसेल तर दहावीनंतर मला लातुरात आत्याकडे ठेवायला घरी काही कारण उरलं नसतं. रेणापूरकडच्या गावी परत, आणि मग लग्न. म्हणून मी रोज संध्याकाळी त्या मोकळ्या ओट्याकडे बघून मनात म्हणायची, तूर येऊ नये. कुणाचीच येऊ नये. शेतकऱ्याची लेक असून म्हणायची.

स्पर्धेला चार दिवस उरले आणि तुरीची पहिली गाडी ओट्याला लागली. गाडीवर माझे वडील होते, आमचे दादा. ओढ्याकाठच्या काळ्या रानातली तेवढीच तूर वाचली होती. तिची पोती घेऊन दादा पहाटेपासून बैल हाकत आले होते. मला तिथे बघून त्यांचा चेहरा फुलला. लेकीला दाखवायला त्या वर्षी त्यांच्याकडे काहीतरी होतं! आणि मी चेंडू छातीशी धरून म्हणाले, "आजच आणायची होती का, दादा?"

त्यांचा हात कासऱ्यावरच राहिला. ते रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, "पीक काय मला इचारून येतंय व्हय, माय?"

सरांनी काय चाललंय ते त्यांना सांगितलं, तेव्हा दादा म्हणाले, "मंग ऱ्हाऊ द्या पोती गाडीतच. मी थांबतो चार दिस." सरांनी मान हलवली. "न्हाई मालक. माल आला की उठायचं ठरलंय." त्यांनी स्वतः तार सोडून कडी उतरवली, आम्हाला रांगेत उभं केलं आणि दोघीदोघींनी धरून ती पोती ओट्यावर आणवली. मग कधी नव्हे ते सर बसले, दादांच्या शेजारी, त्या पोत्यांवर. दादांनी चरवीतलं पाणी त्यांच्यापुढे केलं. दोघं बराच वेळ तिथेच बसून होते, आणि मी खाली मान घालून गेरूच्या रेघा पायानं पुसत होते.

नांदेडला जाताना एसटीच्या लाल गाडीत सर दांड्याला धरून उभेच होते. लोहा मागे पडल्यावर माझ्या सीटशी वाकून हळूच म्हणाले, "वडिलांना बोललीस त्याचं मनाला लावून घेऊ नको. तू एकदा बोललीस. मी तर चार महिने रोज आभाळाकडं बघून 'पडू नको' म्हणत होतो." मग खिडकीबाहेर बघत म्हणाले, "मागच्या मोठ्या दुष्काळात आई खडी फोडायला जायची, अन् मी हैदराबादला लाकडी फ्लोअरवर पळत होतो. टाळ्या पडायच्या. बसलं की तेच आठवतं, म्हणून बसत न्हाई." तोवर आम्ही ज्याची नक्कल करून हसत होतो, ते हे होतं.

आम्ही पहिला सामना जिंकलो आणि दुसरा हरलो. नव्या जिल्ह्याला तेवढं पुरलं. संघ राहिला, मी लातुरात राहिले, पुढे स्वतःही मुलींना शिकवत आयुष्य काढलं. किती मैदानं पाहिली, मऊ, निळी, दिव्यांखाली चकाकणारी. सर गेले. दादाही गेले. त्या एका वाक्याबद्दल दादा पुढे कधी अवाक्षर बोलले नाहीत, आणि माफी मागायला माझं तोंड उघडलं नाही. आज मागेन, दिवाळीला मागेन, असं म्हणता म्हणता वर्षं सरली. कामाचा माणूस वेळेवर बोलतो, माझ्यासारखे नुसते पावलं मोजत राहतात.

भाऊ हाका मारत होता. सौदा झाला होता. तो मागचा ओटा यंदा तुरीनं इतका भरला होता की खांबापासून पाच पावलांपुढे जमीनही दिसत नव्हती. खरं सांगते, इतकी वर्षं झाली तरी भरलेला मोंढा पाहिला की माझी नजर आधी मोकळी जागाच शोधते. मग लाज वाटते. त्या दिवशी मी आमच्याच पोत्यावर बसले, मुठीत थोडी तूर घेतली आणि शेजारी कुणी नसताना मोठ्यानं म्हणाले, "बरं झालं आणली, दादा."

हमालानं वळून पाहिलं. मी बसूनच राहिले.