डेल्फ्टच्या चौकात भर दुपारी चंद्रोदय

जूनमध्ये कुवेत सोडून कुठेही जावं, असं इथे राहणारा प्रत्येक जण म्हणतो. दार उघडलं की तंदूरचं झाकण काढल्यासारखा वारा तोंडावर येतो आणि गाडीचं स्टिअरिंग रुमालाने धरावं लागतं. तरीही मुलीने "या वर्षी तुम्ही दोघं हॉलंडला जा" असं सुचवलं, तेव्हा माझं पहिलं उत्तर "नको" हेच होतं. हिवाळ्यात ह्यांची अँजिओप्लास्टी झाली होती. एक स्टेंट बसलाय, वर जुना मधुमेह.

मी इथल्या एका रुग्णालयात हृदयविभागात नर्स आहे. लोकांना वाटतं, बायको नर्स म्हणजे नवरा निर्धास्त. आमच्याकडे उलट आहे. इतरांना आयुष्यात एकदा दिसतं ते मला रोज दिसतं. फहाहीलच्या बाजारात कुणी कपाळ पुसताना दिसला तरी माझी नजर आधी त्याच्या डाव्या हाताकडे जाते. मन चिंती ते वैरी न चिंती, ही म्हण बहुधा एखाद्या नर्सच्या नवऱ्यानेच रचली असावी.

"ममा, डॉक्टरांनी परमिशन दिलीय ना? देन व्हॉट इज द प्रॉब्लेम?" मुलगी फोनवरून म्हणाली. ती कुवेतला वाढली, आता पुण्यात शिकते, आणि तिचं प्रत्येक मराठी वाक्य इंग्रजीत संपतं.

"विमानात काही झालं तर?"

"वर्षा, मी हृदय इथे फिंतासच्या घरी ठेवून जाणार नाहीये," हे पेपरमागून म्हणाले. "सोबतच नेणार आहे."

हे मूळचे नाशिकचे, इथे पेट्रोकेमिकल प्रकल्पात इंजिनिअर. प्रकल्पात काहीही फुटो, ह्यांचा आवाज चढत नाही. घरात घाबरण्याचं खातं कायम माझ्याकडे असतं.

तर निघालो. कुवेतहून जाणाऱ्यांसाठी एवढंच सांगते की आधी रेसिडेन्सीची मुदत तपासा, आणि व्हिसाची वेळ उन्हाळ्याच्या कितीतरी आधी घेऊन ठेवा. सुट्टीत सगळ्यांनाच युरोप आठवतो.

पहिले दोन दिवस ॲमस्टरडॅममध्ये कालव्यांच्या कडेने हळूहळू फिरलो. तिसऱ्या दिवशीची दिवसभराची बससहल मुलीनेच ठरवून दिली होती. रॉटरडॅम, डेल्फ्ट आणि द हेग, सोबत गाइड. खर्च म्हणाल तर दोघांचं मिळून कुवेतच्या चांगल्या हॉटेलात सहकुटुंब जेवावं तेवढा झाला, जेवण वेगळं. बस स्टेशनजवळून अगदी सकाळी सुटते आणि कुणासाठी थांबत नाही.

माझ्या पर्समध्ये अर्धा वॉर्ड होता. जिभेखाली मारायचा स्प्रे, गोळ्या, रक्तदाब मोजायचं यंत्र. ग्लुकोमीटर मात्र बॅगेत हॉटेलवरच राहिला. ह्यांची साखर आटोक्यात होती आणि माझी सगळी भीती छातीच्या डाव्या बाजूला होती. सकाळी न्याहारीला मी ह्यांच्या हातावर साखरेची आणि हृदयाची गोळी ठेवली, ती त्यांनी मुकाट्याने घेतली. मी ब्रेड आणायला गेले. परत आले तर ह्यांच्यासमोर रिकामी बशी आणि चहाचा कप. "माझं झालं," म्हणाले. मला बरंच वाटलं.

आमची गाइड यानेके नावाची, साठीची, ताडमाड उंच, हातात लाल छत्री. बस शहराबाहेर पडल्यावर तिने सांगितलं की आपण आता जिथून चाललोय ती जमीन समुद्राच्या पातळीच्या खाली आहे. बाकीच्यांनी फोटो काढले. मी सीटचा दांडा घट्ट धरला. एवढं पाणी कोण, कसं, कधीपर्यंत अडवून ठेवणार? भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात, तसा माझ्यामागे आता अख्खा उत्तर समुद्र लागला.

"आणि आज तुम्हाला भरपूर उजेड मिळणार आहे," यानेके म्हणाली. "सूर्य रात्री दहाच्या सुमारास मावळेल."

"दहा?" ह्यांनी एकदम विचारलं. "खरंच दहा?"

मग हे खिडकीबाहेर बघत राहिले. मला वाटलं, गायी बघतायत.

रॉटरडॅम हे या सहलीतलं नवं शहर. युद्धात जुनं जवळजवळ सगळं बॉम्बखाली गेलं आणि लोकांनी शहर नव्यानेच बांधून काढलं. तिथे पिवळी घनाकृती घरं आहेत, कोपऱ्यावर उभी केल्यासारखी तिरकी. एक घर आतून बघायला मिळतं, जिना मात्र फार उभा. एरवी हे असं काही दिसलं की खांब कुठे, वजन कुठे हे शोधत सगळ्यात पुढे असतात. इथे म्हणाले, "तू बघून ये, मी बसतो खाली." शहाणे झाले, असं मी मनात म्हटलं.

शेजारीच प्रचंड कमानीखालचा खाद्यबाजार आहे. छतभर फळं, फुलं आणि मासे रंगवलेले, आणि खाली ते सगळं खरोखर विकायला मांडलेलं. शाकाहारी मंडळींनी चीजचं सँडविच किंवा बटाट्याचे तळलेले काप घ्यावेत, फक्त तळण कुठल्या तेलातलं आहे ते विचारून घ्यावं. मी विचारलं, वनस्पती तेल होतं, मोठा कागदी कोन घेतला.

"घ्या ना दोन."

"तळलेलं नको."

म्हणजे हे स्वतःहून पथ्य पाळतायत! मी तो अख्खा कोन आनंदाने एकटीने संपवला.

दुपारी डेल्फ्टला पोचलो. हे जुनं शहर, आणि खरं सांगते, सहलीत एवढं एकच बघायचं असेल तर हेच बघा. अरुंद कालवे, त्यावर कमळाची पानं, दुकानांतून निळी-पांढरी चिनीमाती, मधोमध मोठा दगडी चौक. चौकाच्या एका टोकाला नगरभवन आणि दुसऱ्या टोकाला उंच मनोऱ्याचं नवं चर्च. नाव तेवढं नवं, वय काही शतकं. गार वारा सुटला होता, मी शालीवर जॅकेट चढवलं.

आणि हे घामाने भिजले होते.

आधी कॉलर दिसली, काळी पडलेली. मग कपाळ. मग चेहऱ्याचा रंग, जो मी वॉर्डात लांबूनही ओळखते. यानेके चर्चमधल्या राजघराण्याच्या कबरींबद्दल सांगत होती, तेवढ्यात हे तिच्यावर खेकसले, "किती बोलता! कुठे बसायचं ते सांगा आधी!" कुवेतच्या इतक्या वर्षांत ह्यांनी हाताखालच्या माणसावरही असा आवाज काढलेला नाही. नगरभवनाच्या पायऱ्यांवर बसले, बसले म्हणजे कोसळलेच.

"छातीत दुखतंय का? हातात? जबड्यात?"

डोळे माझ्याकडे, पण मला न बघणारे. परक्या देशात, पुस्तकातल्या चित्रासारख्या त्या चौकात, माझा माणूस माझ्यासमोर चाललाय असं मला वाटलं. मी यानेकेला ओरडून ॲम्ब्युलन्स बोलवायला सांगितलं, पर्समधून स्प्रे काढला, टोपण उडवलं. स्प्रे ह्यांच्या तोंडापाशी नेला, तेवढ्यात हे पुटपुटले.

"चंद्र निघाला का?"

"काय?"

"चंद्र... निघाला का?"

क्षणभर वाटलं, गुठळी मेंदूत गेली. आणि मग डोक्यात लख्ख प्रकाश पडला. आज चतुर्थी. संकष्टी!

स्टेंटनंतर पहिल्याच संकष्टीला ह्यांनी कडक उपास धरला होता, चंद्र दिसेपर्यंत नुसतं पाणी आणि बिनसाखरेचा चहा. मधुमेहाची गोळी घेऊन असला उपास करायचा नसतो म्हणून मी घर डोक्यावर घेतलं होतं, आणि ह्यांनी सोडतो म्हणून कबूल केलं होतं. सोडला नव्हता. नाश्ता आणि दुपारचं जेवण प्रकल्पावर, मी बघायला नाही. संध्याकाळी घरी यायचं, चंद्र उगवला की माझ्याबरोबर जेवायचं. कुवेतमध्ये ते खपून गेलं. इथे सूर्यच दहाला मावळणार होता, चंद्र त्याच्याही कितीतरी नंतर. आणि सकाळी पोटात काही नसताना ती गोळी मीच माझ्या हाताने दिली होती. हृदयाच्या गोळीने साखर उतरल्याची थरथर आणि धडधड लपते, घाम लपत नाही, हे मी नव्या नर्सना शिकवते.

"ज्यूस! साखर! लवकर!" मी यानेकेला ओरडले. ती बाई लाल छत्री टाकून समोरच्या कॅफेत धावली आणि कुणाच्या तरी टेबलावरचा सफरचंदाचा रस उचलून घेऊन आली. मी पेला ह्यांच्या ओठांना लावला. ओठ घट्ट मिटले.

"चंद्र..."

"निघाला."

"कुठे?"

मी वर बघितलं. चर्चच्या मनोऱ्यावर घड्याळाची गोल तबकडी होती. "तो काय. बघा. नमस्कार करा आणि घ्या."

ह्यांनी वर बघितलं. हात जोडले. मग तोंड उघडलं. भर दुपारी, उन्हात, मी माझ्या नवऱ्याला घड्याळ दाखवून संकष्टी सोडवली. घोटाघोटाने सगळा रस पाजला आणि यानेके हळूच म्हणाली, "अजून आणू?"

ॲम्ब्युलन्समधल्या मुलीने बोटाला टोचलं. रस पोटात जाऊनही आकडा खालीच होता, मग चढू लागला. तिने हृदयाचा आलेखही काढला. तिच्या हातातला तो कागद मी उलट्या बाजूनेच वाचला. सरळ, स्वच्छ. तेव्हा कुठे मला रडू फुटलं. खायला घाला, एकटं सोडू नका, परत घाम आला तर फोन करा, असं सांगून ती गेली.

द हेगबद्दल माझ्याकडून काही अपेक्षा ठेवू नका. बाकीचे संसदेच्या जुन्या इमारती बघायला गेले आणि आम्ही बंद बसमध्ये बसून राहिलो. हे केळं खात होते. मी ते खाताना बघत होते.

"का केलंत?" शेवटी मीच विचारलं.

"तू रोज सकाळी माझी नाडी बघतेस आणि छान आहे म्हणतेस. पण तुझा चेहरा असा असतो की मला वाटतं, ही लपवतेय काहीतरी." केळ्याची साल ते नीट घडी घालून पिशवीत ठेवत होते. "तुझ्याकडून खरं कळायचं नाही. म्हटलं, गणपतीलाच धरावं."

"मला सांगायचं होतं."

"काय सांगायचं? की रात्री डाव्या कुशीवर वळायला मला भीती वाटते? तू आधीच अर्धी झालीयस."

इतके महिने मी एकटीच घाबरतेय असं मी धरून चालले होते.

"वर्षा," हे जरा वेळाने म्हणाले, "आता उपास मोडला ना. काही होणार नाही ना गं?"

अख्खा प्रकल्प चालवणारा माणूस.

"मोडला असेल तर मी मोडला. खोटा चंद्र मी दाखवला. जे व्हायचं ते माझं होईल."

"असं बोलू नकोस!" त्यांनी घाईघाईने माझ्या तोंडावर हात ठेवला. हात अजून गारच होता.

कुवेतला उतरलो तेव्हा धुळीने आकाश पिवळं झालं होतं. घरी येऊन आता काही आठवडे झाले. काय राहिलं म्हणाल तर तिरकी घरं लक्षात आहेत, डेल्फ्टची एक निळी बशी भिंतीवर आहे. तुम्ही जाणार असाल तर जरूर जा, पण बरोबर मधुमेहाचा माणूस असेल तर ग्लुकोमीटर आणि साखर स्वतःच्या खिशात ठेवा, आणि संकष्टी कधी आहे ते आधी बघा. इथल्या डॉक्टरांनी ह्यांची गोळी बदलली. उपास चालू आहे, पण दुपारी ताटलीभर साबुदाण्याची खिचडी माझ्यासमोर संपवायची या अटीवर. भीती मात्र गेलेली नाही. सहलीने भीती जाते असं कुणी लिहिलं असेल तर ते खोटं आहे.

परवा शुक्रवारी दुपारी जेवून हे आडवे झाले. एसीच्या घरघरीत श्वास ऐकू येईना. मी हातातलं काम टाकून गेले आणि हळूच त्यांच्या नाकाखाली बोट धरलं.

"चालू आहे," डोळे न उघडता हे म्हणाले.

मी ओशाळून बोट मागे घेतलं.

"तू झोपलीस की मीही बघतो."

"माझं? मला काय झालंय?"

"काही नाही. तरी बघतो."