पेंटरवहिनींनी दाराचं कपाट केलं

आमच्या समोरच्या घरातल्या वहिनींना सगळी इमारत पेंटरवहिनी म्हणते. लग्नाआधीपासून त्या दुकानांच्या पाट्या रंगवायच्या. शिडीवर उभ्या, एक ब्रश हातात आणि दुसरा दातात. पुढे छापील फलक आले, पाट्यांचं काम आटलं, तेव्हा त्यांनी शाळांच्या भिंती धरल्या. हत्ती, नकाशे, पाढे, सांगाल ते. "मला सत्तावीसचा पाढा येतो तो भिंतीमुळे," असं त्या हसत सांगतात.

त्यांचे सासरे ग्रंथपाल होते. चाळीस वर्षं एकच वाचनालय सांभाळून निवृत्त झाले आणि दहा-बारा वर्षांनी त्यांना विसर पडायला लागला. निवृत्त झालोय हेच आधी विसरले. नऊ वाजले की शर्टाची बटणं लावायची, दार उघडायचं आणि कामावर निघायचं! वाचनालयाच्या जागी आता चपलांचं दुकान आहे. एकदा तिथे जाऊन ते गिऱ्हाइकांना "हळू बोला, लोक वाचतायत" म्हणून दटावत होते. दुकानदार ओळखीचा, त्याने फोन केला. आम्ही पोट धरून हसलो.

पुढच्या खेपेला मात्र हसू आलं नाही. ते दुकानापर्यंत पोचलेच नाहीत. संध्याकाळी सापडले ते पार पुलापलीकडे, दोन्ही गुडघे फुटलेले आणि स्वतःचं नावही आठवत नव्हतं.

"आता कुलूपच लावू," वहिनींचे यजमान म्हणाले.

"कुलूप लावलं की ते दार बडवतात. पाहवत नाही मला," वहिनी म्हणाल्या. दवाखान्यातल्या नर्सने त्यांना सांगितलं होतं की दार दारासारखं दिसलंच नाही, तर अशी माणसं तिकडे फिरकत नाहीत. "मी पुस्तकांचं कपाट रंगवते त्याच्यावर."

"म्हणजे बाबांना फसवायचं?"

"मग तुम्ही सुचवा काहीतरी."

बाबा आठ दिवस लेकीकडे गेले आणि वहिनींनी कंबर कसली. दार आतल्या बाजूने पॉलिश पेपरने घासलं, प्रायमर मारला, पट्टीने फळ्या आखल्या. खिडकी उजवीकडे, म्हणून प्रत्येक पुस्तकाची सावली डावीकडे. मी रोज चहाच्या निमित्ताने डोकावायचो. चौथ्या दिवशी फळ्यांना खोली आली. हात घातला तर कोपरापर्यंत आत जाईल असं वाटायचं. लॅचची गोल मूठ त्यांनी निळी-हिरवी रंगवून पृथ्वीचा गोल केली. बाहेर कोण आलंय ते पाहायच्या दारातल्या भोकाचं काय करायचं यावर मात्र एक अख्खी दुपार गेली. शेवटी त्यांनी तिथे एक जाडजूड पुस्तक काढलं, 'गंज का चढतो?' आणि ते भोक 'गं'वरचा अनुस्वार झालं.

बाबा परत आले. दार मागे बंद झालं. ते वळले आणि कपाटासमोर थबकले. वहिनी पदराला हात पुसत उभ्या.

"ही पुस्तकं कोणी लावली?" बाबांनी विचारलं.

"मी, बाबा."

"तरीच! दिवाणी कायद्याच्या शेजारी मधमाश्या काय करतायत? आणि सूनबाई, अनुस्वार एवढा मोठा असतो का?"

त्या दिवसापासून बाबांना काम मिळालं. नऊ वाजता बटणं लावून ते कपाटापुढे खुर्ची टाकून बसत आणि चुका काढत. रविवारी वहिनी ब्रश घेऊन बसायच्या. मधमाश्या शेतीकडे गेल्या, कायदा वरच्या फळीवर चढला. 'घड्याळदुरुस्ती' फार मळलंय म्हणून त्याला नवी बांधणी झाली. बाकीच्यांची मात्र पंचाईत. वीजमीटर वाचायला आलेला माणूस निघताना तीनदा गोल फिरला आणि शेवटी हात जोडून म्हणाला, "ताई, मला बाहेर सोडा." मी स्वतः एकदा बाथरूममध्ये शिरलोय.

दोन महिने असे सुखात गेले. मग एका संध्याकाळी मी तिथेच बसलेलो असताना बाबा उठले, पृथ्वीच्या गोलावर हात ठेवला, फिरवला आणि दार उघडलं. आमच्या हातातले कप हातातच राहिले.

"बाबा, तुम्हाला... माहीत होतं?" वहिनींनी विचारलं.

"कधी माहीत असतं, कधी नसतं," बाबा म्हणाले. त्या दिवशी त्यांचा आवाज अगदी स्वच्छ होता. "काम सुरेख केलंयस. पण मला बाहेर जावंसं वाटतं गं. एकट्याला सोडू नका, बरोबर चला. एवढंच."

वहिनी ओशाळल्या. बाबांना काय हवंय हे विचारायचं कोणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. त्यांनी डोळे टिपले, पायांत चपला सरकवल्या आणि सासऱ्यांचा हात धरला. तेव्हापासून पाच वाजता दोघं चौकापर्यंत जाऊन येतात. बाकावर बसतात, येणाऱ्या-जाणाऱ्यांवर शेरे मारतात. कधीकधी बाबा चौकात सुनेला तुम्ही कोण म्हणून विचारतात. त्या म्हणतात, "पेंटर." ते त्यांना पटतं.

कपाटाची बातमी नर्सकडून वृद्धाश्रमात पोचली आणि वहिनींना तिथल्या चार दारांचं काम आलं. त्या बाबांनाही बरोबर घेऊन गेल्या. बाबा खुर्चीत बसून पुस्तकांची नावं सांगत होते, त्या लिहीत होत्या. मी रंगाचे डबे पोचवायला गेलो तेव्हा एक आजी काठी टेकत कपाटापाशी आल्या, बराच वेळ पाहत राहिल्या.

"यातलं एखादं खोलीत न्यायला मिळेल का हो?"

"आधी सभासद व्हावं लागेल," बाबा म्हणाले, आणि वहिनींकडे वळून त्यांनी कागद मागितला.