ओव्हनवरचे हलणारे आकडे

मुलाकडे इंग्लंडात बेसिंगस्टोकला गेले तेव्हा नात सात महिन्यांची होती. सुनेची रजा संपत आली होती. ती ऑफिसला जायला लागली की दिवसभर नातीला मी सांभाळायचं, असं ठरलं होतं. मी चौथी शिकलेली. इंग्रजी येत नाही, पण आकडे कळतात. सुनेने दुधाच्या आणि झोपेच्या वेळा कागदावर लिहून फ्रिजला लावल्या. वेळ बघायची ती ओव्हनवरच्या लाल आकड्यांत.

पहिल्याच आठवड्यात दुपारी जेवण झाल्यावर बघते तर ते आकडे थरथरत होते. ओव्हन जागेवर, भिंत जागेवर, आकडे तेवढे हलत होते. डोळे चोळले, काच पदराने पुसली. थोड्या वेळाने सगळं नीट दिसायला लागलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. मला गाता येत नाही, म्हणून नातीला निजवताना मी तोंड मिटून गुणगुणते. तेव्हाही आकडे हळूहळू डुलताना दिसले. सकाळी मात्र कधी नाही.

माझ्या वडिलांची नजर म्हातारपणी गेली होती. माझीही तशीच चालली, असं मी धरून चालले. सांगितलं असतं तर सून नोकरीवर गेलीच नसती. नर्सरीत, म्हणजे तिथल्या पाळणाघरात, एवढ्यात जागा नव्हती. आणि न सांगता उद्या नातीला काही झालं तर? मी रोज ठरवायचे, आज सांगू. संध्याकाळी मुलगा आणि सून समोर बसले की तोंड उघडायचं नाही.

शेवटी सुईत दोरा जात नाही एवढंच म्हटलं. सुनेने चष्म्याच्या दुकानात नेऊन डोळे तपासून घेतले. इंग्रजी अक्षरं वाचता येत नाहीत, म्हणून त्यांनी चिन्हांचा तक्ता लावला आणि मी बोटाने दिशा दाखवल्या. सगळ्या बरोबर आल्या.

"आई, फक्त जवळचा चष्मा लागेल. बाकी डोळे एकदम मस्त आहेत तुमचे," येताना सून म्हणाली.

मला आणखी भीती वाटली. डोळे चांगले, मग डोक्यातच काही झालं असेल.

सून सोमवारी रुजू होणार होती. त्याआधीच्या शनिवारी जेवण झाल्यावर मी नेहमीसारखी सुपारी चावत बसले होते. सून कपड्यांच्या घड्या करत होती.

"आई, किती वाजले हो?"

मी ओव्हनकडे पाहिलं. आकडे थरथरत होते. बोलायचं म्हणून चावणं थांबवलं, तर आकडे गप्प उभे. पुन्हा चावलं, पुन्हा हलले. मी थांबले की तेही थांबायचे. भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघून सुपारी फोडली. तिथे काही हललं नाही.

"काय चाललंय? घड्याळाला वेडावून दाखवताय का?"

मग मी सगळं सांगितलं. वाक्यं पुढची मागे झाली, पण सांगितलं. तिने माझ्या डबीतला सुपारीचा खडा तोंडात टाकला आणि कडकन फोडला.

"अय्या! नाचतायत की हो! अहो, इकडे या लवकर!" तिने माझ्या मुलाला हाक मारली. मग ओठ मिटून भुंग्यासारखा आवाज काढला, तरी आकडे डुलले. मुलगा म्हणाला, त्या आकड्यांचे दिवे सतत पेटलेले नसतात, फार वेगाने चालू-बंद होत असतात. दातांनी आणि आवाजाने डोकं थरथरलं की डोळे ते टिपतात. कागदावरचं तसं दिसत नाही.

"म्हणजे आईंना काही झालेलं नाही," सून म्हणाली. हसता हसता ती थांबली. "आणि तीन आठवडे तुम्ही हे एकट्याच घेऊन बसलात?"

"तू नोकरी सोडली असतीस."

"सोडली असती. पण मला विचारायला नको?" तिच्या आवाजात राग होता. "सोमवारपासून मुलगी तुमच्या हाती आहे. असं लपवलंत तर मी तिकडे काम कशी करू?"

मी मान हलवली. तेवढं पुरेसं नव्हतं, हे मला कळलं, म्हणून म्हटलं, "सांगेन."

सोमवारी ती गेली. दहाच्या सुमारास तिचा फोन आला. नात दूध प्यायली होती, आणि रांगताना टेबलाच्या पायावर तिचं कपाळ आपटलं होतं. थोडं लाल झालं होतं, सूज नव्हती. आधी मी कपाळाचं सांगितलं, मग दुधाचं.