चार महिने अळणी

धुरपताबाईंनी एकदा मनावर घेतलं की ती गोष्ट तडीस गेलीच म्हणून समजा. चोरखमारा तलावाच्या कालव्याखालचं चार एकर धान त्यांनी याच हट्टावर पिकवलं. होळीच्या सुमारास त्यांच्या नवऱ्याचा, चैतरामचा, उजवा हात थरथरू लागला आणि पाय उंबऱ्याशी अडू लागले. गोंदियाच्या डॉक्टरीणबाईंनी कंपवात सांगितला, गोळ्यांची चिठ्ठी लिहिली. धुरपताबाई काही खुर्चीवरून उठल्या नाहीत.

"आतमंदी बिघडलं काय, ते सांगा."

डॉक्टरीणबाई भल्या होत्या. त्यांनी कागदावर एक गोल काढला. मेंदूतल्या प्रत्येक पेशीला बारीक बारीक पंप असतात, आतलं मीठ सतत बाहेर फेकत राहायचं हे त्यांचं काम. पंप थकले की मीठ आत साचतं, मागोमाग पाणी शिरतं आणि पेशी मरते. या आजारात असंही होत असावं, असं शोध घेणारे म्हणतात.

धुरपताबाईंना हे लख्ख कळलं. धानाच्या बांधीतलं पाणी निघत नसेल तर आधी पाणी येणारं तोंड बुजवायचं, हे त्या लहानपणापासून करत आल्या होत्या. घरी येताच मिठाची बरणी माळ्यावर गेली. वरण अळणी, भाजी अळणी, आंबीलसुद्धा अळणी.

"काऊन वं, हे मानसाचं जेवन हाय का?" चैतराम कुरकुरायचा.

"गुमान खा. मले तुमी चालते पायजे."

नवऱ्याला अळणी वाढून आपण चवीनं जेवणाऱ्यांतल्या त्या नव्हत्या. त्यांनीही मीठ सोडलं, कोणाला न सांगता, भर उन्हाळ्यात.

आषाढात, धानाच्या रोवण्याच्या दिवसांत, चैतराम शेताच्या धुऱ्यावर उभा राहता राहता गरगरला आणि चिखलात आडवा झाला. दवाखान्यात रक्त तपासलं, तर त्यातलं मीठ पार खाली गेलेलं.

"मीठ बंद करायला कोणी सांगितलं?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"तुमीच तं सांगतलं नं, पंप मीठ फेकत नाई मनून!"

"अहो आजी, बिघाड पंपात आहे, जेवणातल्या मिठात नाही. मीठ तोडलं की रक्तदाब पडतो आणि माणूसही पडतो."

आपल्याच हातानं आपण यांना पाडलं, हे धुरपताबाईंच्या काळजाला फार लागलं.

खाटेवरून चैतराम डॉक्टरीणबाईंना म्हणाला, "बाई, इचंबी रगत तपासा. होळीपासून इनंबी मीठ चाखलं नाई. इले वाटते, मले मालूम नाई."

चार दिवसांनी दोघं घरी आले. धुरपताबाईंनी बरणी खाली काढली, पानं वाढली आणि डोळे पुसून ठणकावलं, "बिमारी जात नाई तं नको जाऊ. गोळ्या टाइमावर घ्याच्या, आन् रोज कालव्यापर्यंत चालाचं. मी हात धरीन."

चैतरामनं थरथरत्या बोटांत मीठ घेऊन आधी बायकोच्या पानावर हात धरला. अर्धं जमिनीवर सांडलं. उरलेलं सगळं भाताच्या एकाच घासावर पडलं.

धुरपताबाईंनी तोच घास सगळ्यात आधी उचलला.