आजार नको, काम सांगा

शरयूताई घरात आल्या की आजाराचं नावही काढू द्यायच्या नाहीत. "आजार डॉक्टरसाहेबांना सांगा, मला काम सांगा. तुम्ही घरात काय काय करत होतात?" हा त्यांचा पहिला प्रश्न. उत्तर पेशंटऐवजी दुसऱ्या कोणी दिलं, तर हात वर करून त्या त्याला सरळ गप्प करत. आमच्याकडे असे पहिल्याच दिवशी गप्प बसले ते माझे सासरे, आप्पा.

संस्थान विलीन होऊन मध्यभारत झाला, आप्पांची दरबारची कचेरी गेली आणि हुकूम सोडायला त्यांना घर तेवढं उरलं. सासूबाईंना, म्हणजे माईंना, अर्धांग होऊन उजवा हात लुळा पडला, तेव्हा त्यांनी हुकूम काढला की माईंनी पलंगावरून उतरायचं नाही. प्रेमानंच काढला हो, पण माई दिवसेंदिवस वाळत चालल्या. मग डॉक्टरसाहेबांनी शरयूताईंना धाडलं. त्या इंदूरच्याच, मुंबईला जाऊन व्यवसायोपचार, म्हणजे रोजच्या कामांतून लुळे हातपाय चालते करायची विद्या, शिकून आलेल्या. माईंनी त्यांना अडखळत सांगितलं, "चैत्राचं हळदीकुंकू. डाळ मी वाटते. कुंकू मी लावते."

"मग यंदाही तुम्हीच करायचं."

दुसऱ्या दिवशी त्यांनी पाटा मेजावर चढवला, माईंना समोर बसवलं आणि त्यांचा लुळा हात जुन्या लुगड्याच्या पट्टीनं वरवंट्याला बांधला. डावा हात ओढेल तसा उजवा मागंपुढं जायचा. आप्पा कडाडले, "ये क्या तमाशा है! माझ्या बायकोचा हात बांधता?"

"तुम्ही त्यांना पलंगाला बांधलंय, आप्पाजी. मी वरवंट्याला बांधतेय."

मला टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या. सासऱ्यांसमोर ते शक्य नव्हतं, म्हणून पदर तोंडात धरला.

हळदीकुंकवाला डाळ जाडीभरडी झाली, पण झाली. उजव्या हाताला वरवंटा ढकलता येऊ लागला होता, कुंकवाची चिमूट मात्र धरवत नव्हती. जमलेल्या बायकांतून कुंकवाला पहिल्या पुढं झाल्या तुकोगंजच्या वकीलकाकू. माईंचा डावा हात पुढं आला तसं त्यांनी कपाळ मागं घेतलं. "डाव्या हातानं? अशुभ असतं हो माई. सूनबाईला लावू द्या ना!"

मी उठले. शेजारी बसलेल्या शरयूताईंनी मनगट धरून मला खाली बसवलं. "बसा. हे तुमचं काम नाही."

माईंनी हात मागं घेतला नाही. "हा पण माझाच हात आहे," त्या म्हणाल्या. "लावून घे. नहीं तो डाळ खा आणि जा."

साऱ्या बायका काकूंकडे बघत राहिल्या. शेवटी काकूंनी कपाळ पुढं केलं. कुंकू भुवईपर्यंत फरकटलं आणि तसंच लेऊन त्या घरी गेल्या.

अक्षय तृतीया उलटली तशी शरयूताई म्हणाल्या, आता त्या येणार नाहीत, दुसऱ्या घरी एक आजोबा वाट पाहताहेत. मला फार वाईट वाटलं. ताईंसाठी नारळ आणायला माई स्वतः देवघरात गेल्या. हातावर ठेवताना तो निसटला आणि घरंगळत आप्पांच्या खुर्चीपाशी गेला. कोणी हललं नाही. माई भिंतीच्या आधारानं तिकडे निघाल्या. आप्पांनी एकदा नारळाकडे पाहिलं, हाताची घडी घातली आणि माईंना वाकायला जागा व्हावी म्हणून पाय बाजूला घेतले.